चाकांचं फडकं

वास आधी आला. काटा दीडशेच्या पलीकडे गेला होता, शहराबाहेरचा रस्ता सरळ आणि मोकळा होता, शेजारच्या सीटवर मामा पोरासारखे हसत होते आणि त्यांच्या हसण्याने तोही कितीतरी दिवसांनी मनापासून हसत होता, आणि तेवढ्यात वास आला. कोमट, आंबूस, ओळखीचा. डोक्यात शब्द यायच्या आत नाकाने निकाल देऊन टाकला. त्याचं नाक तसं होतंच. बायको म्हणायची, यांच्या नाकावर माशी बसत नाही, आणि चुकून बसायची झालीच तर आधी पाय धुऊन येते. त्याने पाय वर घेतला तसा इंजिनाचा आवाज घशात उतरल्यासारखा खाली गेला. मामा अजून समोर बघत होते. "का रे भाचेबुवा, दमली एवढ्यात? जाऊ दे की अजून." म्हणजे त्यांना कळलंच नव्हतं. किंवा कळलं होतं आणि गाडी पळत राहिली तर ते मागे कुठेतरी राहून जाईल असं त्यांना वाटत होतं. त्याने शेजारी पाहिलं नाही. त्याला किळस आली होती, अगदी साधी किळस, आणि तोंडावर ती दिसत असणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो आरशात बघून मागच्या गाड्यांचा अंदाज घेत असल्यासारखं करत राहिला.

पहिला विचार मामांचा नव्हता. पहिला विचार छिद्रांचा होता. गाडीच्या सीटा दुधी रंगाच्या चामड्याच्या होत्या, आणि पाठीला थंड हवा लागावी म्हणून त्या चामड्याला सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं होती, ओळीने, शेकड्यांनी. वरचं पुसता येतं. छिद्रांतून खाली गेलेलं पुसता येत नाही. ते आतल्या फोममध्ये जिरतं, उन्हात गाडी तापली की वर येतं, आणि मग तुम्ही कितीही सुगंध फवारा, जन्मभर ते तुमच्याबरोबर फिरतं. जेवढा उशीर तेवढं खोल. हे सगळं त्याला एका क्षणात सुचलं, एखाद्या आईला मूल पडताना दिसावं तसं. नंतर, अगदी नंतर, त्याला मामांचा विचार आला, आणि तोही असा की यांना आता उचलायचं कसं, कुठे धरायचं, हाताला लागेल का.

आता या गाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर माणूस उगीचच वाईट दिसेल. बाहेरून ती चार दारांची, घरगुती दिसणारी गाडी होती. शेजारपाजारच्यांना वाटायचं, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीतला एवढा मोठा विभागप्रमुख, आणि गाडी घेतली ती इतकी साधी. पण आत दोन टर्बोंचं इंजिन होतं, आणि वळणावर ती रस्त्याला अशी धरून राहायची की त्याला आपल्या पाठीच्या कण्यात ते वळण जाणवायचं. ती त्याने हौस म्हणून घेतली असं लोक समजायचे. हौस कसली. ते व्रत होतं, आणि व्रतासारखंच त्यात सुखापेक्षा धाक जास्त. सकाळी गाडी चालू केली की तेल तापेपर्यंत इंजिनाला ताण द्यायचा नाही. मागचे हॉर्न वाजवोत, बायको घड्याळ बघो, काटा खालीच. रविवारी तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे मातीचे कण खाली बसतात आणि परत फडक्याला लागत नाहीत. वॉचमन येता-जाता विचारायचा, "झाली का साहेब आंघोळ बाईसाहेबांची?" तो हसायचा, पण आत चिडायचा. फडकीसुद्धा वेगवेगळी होती. पांढरी रंगासाठी, निळी काचांसाठी, पिवळी आतल्या चामड्यासाठी, आणि करडी चाकांसाठी. चाकांचं फडकं काही झालं तरी दुसरीकडे लावायचं नाही. ब्रेकमधून उडणारी काळी भुकटी चाकांवर बसते, ती त्या फडक्यात अशी मुरते की कितीही धुवा, निघत नाही, आणि ते फडकं रंगावरून एकदा जरी फिरलं तर ओरखडेच ओरखडे. गाडीत खायचं नाही. ओले केस घेऊन डोकं टेकवायचं नाही. एकदा ऑफिसातल्या एकाला घरी सोडलं तर त्याच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग मागे राहिला, आणि तो डाग निघून गेल्यावरही कित्येक दिवस त्या माणसाशी बोलताना तो एक पाऊल मागे सरकायचा. माणसं गळतात. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. माणसं सतत कुठून ना कुठून गळत असतात, घाम, लाळ, तेल, केस, कोंडा, आणि ज्याला हात लावतील त्यावर थोडी थोडी राहून जातात. वेगात तेवढं ते नव्हतं. दीडशेच्या पुढे काचा बंद करून गेलं की फक्त चामड्याचा आणि गरम धातूचा वास, आणि कोणीही कोणाचं नाही.

हे त्याला मामांच्या लाँड्रीने शिकवलं. आई गेल्यावर मामांनी त्याला आणलं तेव्हा तो पहिलीत होता, आणि मामा-मामी लाँड्रीच्या मागच्याच खोलीत राहायचे, त्यामुळे घर कुठे संपतं आणि लोकांचे मळके कपडे कुठे सुरू होतात हे त्याला कधी नीट कळलं नाही. ढीग अगदी दारापर्यंत यायचे. ताटात वाफाळतं अन्न असायचं आणि हाताच्या अंतरावर कोणाच्या तरी बनियनांचा डोंगर. मामांची एक रीत होती. आलेला प्रत्येक कपडा ते आधी नाकाशी न्यायचे. कॉलर, काख, विजारीचा गुडघा. मग गाठोडी करायचे आणि स्वतःशीच बोलायचे. "हा परत प्यायला लागला." "हिला मूल झालं वाटतं, दुधाचा वास आहे." "याला ताप येऊन गेला, हे उकळत्यात टाका." त्यांच्या बोलण्यात तिटकारा नसायचा, उलट कोणाची तरी ख्यालीखुशाली समजल्यासारखं समाधान असायचं, आणि नेमकं तेच त्याला सहन व्हायचं नाही. कारण शाळेतून आल्यावर तेच नाक मामा त्याच्या डोक्यात खुपसायचे आणि म्हणायचे, "आज मारामारी झाली. आणि डबा खाल्ला नाहीस." ते खरं असायचं. तो अंग चोरून घ्यायचा. मामी हसायची, "अहो, तो काय शर्ट आहे का?" मामांना त्याच्या अंग चोरण्याची गंमत वाटायची. त्याला वाटायचं, आत्ताच हे नाक कोणाच्या काखेत होतं. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं न नेलेले कपडे मामी त्याच्या मापाचे करून द्यायची, आणि वर्गात पोरं विचारायची, "आज कोणाच्या बापाचा घातलास रे?" सगळ्यात स्वच्छ कपडे त्याचेच असायचे, आणि नाव मात्र पडलं होतं मळक्या. नोकरी लागल्या दिवशी त्याने नवा, कोणीच न घातलेला शर्ट विकत घेतला आणि रात्री उशाशी घेऊन झोपला. मामांचं नाक आपल्यात उतरलंय, तेच नाक, फक्त त्यातली माया वजा होऊन, हे त्याला कोणी कधी सांगितलं नाही. त्यालाही ते स्वतःशी बोलायची हिंमत झाली नव्हती.

मामी गेली, लाँड्री बंद झाली, मामा त्याच खोलीत एकटे राहिले. मग ते मोरीत पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता एकटं ठेवू नका. मुलगी परगावी शिकायला गेलेली, तिची खोली रिकामी. बायकोने काही न विचारता तिथली पुस्तकांची खोकी हलवली, पलंगाशेजारी हाताला धरायला दांडा बसवून घेतला आणि म्हणाली, "दिवसा कोणीतरी बाई ठेवू, रात्री आपण आहोतच." तिने हे इतक्या सहज म्हटलं की त्याला तिचा राग आला. त्या रात्री तो त्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि त्याला ती खोली पुढच्या वासांसकट दिसली. चादरी, भांडं, औषधं, म्हाताऱ्या कातडीचा तो गोडसर वास, जो पडद्यांत बसतो. त्याने शहराबाहेरच्या वृद्धनिवासाची चौकशी केली. बायकोला सांगितलं, मामाच नको म्हणतात, त्यांना आपल्यावर ओझं व्हायचं नाही. आणि मामांना हॉस्पिटलात सांगितलं, "हिला झेपणार नाही मामा, तिची पाठ धरते. पायात जोर येईपर्यंत थोडे दिवस तिकडे राहा." दोन्हीकडे खोटं, आणि दोन्हीकडे खपलं. मामा नुसते म्हणाले, "बरं, बरं. तिला म्हणावं, पाठ सांभाळ." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं ते जरा जास्त वेळ. आणि नाकपुड्या किंचित हलल्या असं त्याला वाटलं होतं, पण तो भास असेल.

आज सकाळी हॉस्पिटलच्या नर्सने विचारलंही होतं, "प्रवासापुरतं डायपर घालू का आजोबांना?" मामा म्हणाले, "कशाला, जवळच तर जायचंय." तेव्हा त्याने बोलायला हवं होतं. डिकीत प्लास्टिकचा मोठा कागद होता, त्याने मुद्दाम आणला होता, पण नर्सच्या आणि वॉर्डबॉयच्या देखत तो सीटवर पसरायची त्याला लाज वाटली. लोक काय म्हणतील या एका गोष्टीने आजवर त्याला सभ्य ठेवलं होतं. मामा गाडीत बसले, दोन्ही हात मांडीवर, कशालाही हात न लावता, आणि म्हणाले, "हिच्यात आज पहिल्यांदाच बसतोय." गाडी घेऊन किती दिवस झाले याचा हिशेब दोघांनीही केला नाही. शहर संपेपर्यंत तो काटा खाली ठेवून चालवत राहिला. मामांनी विचारलं, "एवढीच पळते?" तो म्हणाला, तेल तापू दे. "आणि तापल्यावर?" मामांच्या आवाजात पोराचा हट्ट होता. म्हणून मोकळा रस्ता लागल्यावर त्याने पाय दाबला. मामांची पाठ सीटला चिकटली, तोंडाचा आ झाला आणि ते हसायला लागले, हसताना खोकायला लागले, आणि खोकताना तो प्रकार झाला. म्हणजे तसं बघितलं तर आनंदानेच झाला.

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पलीकडे शेतजमीन मोकळी पडली होती, वारा भरपूर होता. "मामा, जरा उतरा," तो म्हणाला, आणि आवाज शांत ठेवला. मग मामांनी खाली पाहिलं. त्यांचं हसू लगेच गेलं नाही, ते तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, विसरून राहिल्यासारखं. "अरेरे," ते म्हणाले. "अरेरे, तुझी गाडी." त्याने त्यांना काखेत हात घालून उचललं, स्वतःचा चेहरा वळवून, श्वास रोखून, आणि रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कठड्याला टेकवून उभं केलं, वॉकर पुढे दिला. आणि मग, यात काही संशय नको, तो परत गाडीकडे गेला. डिकीतून पिवळी फडकी काढली. घासायचं नाही, टिपायचं. घासलं की खोल जातं. एक फडकं दाबायचं, पाच बोटांनी, वजन देऊन, उचलायचं, दुसरं. मग फवारा, मऊ ब्रश, अगदी हलक्या हाताने, छिद्रांच्या ओळीच्या दिशेने. पुन्हा टिपणं. हळूहळू त्याची किळस कमी होत गेली, कारण हात कामात होते आणि काम त्याला येत होतं. त्याला बरंही वाटायला लागलं. सीटच्या शिवणीत थोडं गेलं होतं, तिथे त्याने काडीला फडकं गुंडाळून नीट काढलं. चामडं आपल्या रंगावर येत होतं. त्याने वाकून नाक लावलं. अजून होता, पण कमी. तो स्वतःशीच "हं" म्हणाला.

"ऐक ना," मागून मामा म्हणाले, "काही पुसायला आहे का? गार लागतंय रे."

तो दचकला. वाऱ्यात मामांची ओली विजार पायांना चिकटली होती आणि पाय लटपटत होते. त्याने डिकीत पाहिलं. पिवळी फडकी संपली होती. निळी काचांची. पांढरी एक घडी करून पिशवीत होती, आणि तो मोठा, जाड, मऊ टॉवेल, ज्याने धुतल्यावर गाडी कोरडी करायची, पाणी स्वतःहून पिणारा, तोही होता. त्याचा हात टॉवेलवर गेला. खरंच गेला. टॉवेल एकदा असल्या कामाला वापरला की मग गाडीला लावता यायचा नाही. असा विचारसुद्धा त्याने पुरता केला नाही; बोटांनीच तो केला. बोटं पुढे सरकली आणि कोपऱ्यातलं करडं फडकं त्यांनी उचललं. तेच सगळ्यात मोठं आहे, असं त्याने मनात म्हटलं. मामांनी पाठ फिरवली, एका हाताने वॉकर धरला आणि दुसऱ्या हाताने विजारीच्या आत जमेल तसं पुसलं. पुसून झाल्यावर फडक्याची चौकोनी घडी घातली, कडेला कड जुळवून, आणि परत दिलं. त्याने ते दोन बोटांत धरलं. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. "पोचलात का? ऐका, मला हे काही बरं वाटत नाहीये. त्यांना परत घेऊन या. नको म्हणाले तरी घेऊन या, मी बोलते त्यांच्याशी. देता का फोन?" तो म्हणाला, "गाडी चालवतोय, नंतर." आणि रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीशेजारी, हातात ते फडकं धरून, त्याने फोन बंद केला. मग प्लास्टिकचा कागद पसरला आणि मामांना त्यावर बसवलं. आता कोणी बघत नव्हतं. उरलेल्या रस्त्यात कागद प्रत्येक वळणावर चुरचुरत राहिला आणि मामा तो चुरचुरू नये म्हणून अंग आखडून बसले. "पळव की," असं मात्र ते पुन्हा म्हणाले नाहीत.

निवासातली बाई चांगली होती. जाडशी, बोलघेवडी, हाताने घट्ट धरणारी. "या आजोबा, आधी गरम पाण्याने अंग पुसून घेऊ, मग चहा." तिने आणि एका मदतनिसाने मामांना आत नेलं. तो बाहेरच्या बाकावर बसला. फिनेलचा वास, त्याच्याखाली दुसरा वास, आणि त्याच्याखाली तिसरा. तो एकेक करून वेगळे करत बसला, दुसरं काही करता येईना म्हणून. थोड्या वेळाने बाई दारात आली. तिच्या हातात ओला बोळा होता, काळाकुट्ट. "अहो, आजोबांच्या मांड्यांना हे काय लागलंय? आधी वाटलं रक्त साकळलंय. निघतच नाहीये. घासलं तर कातडी सोलवटायला लागली." तो उठून उभा राहिला. त्याला त्या बोळ्याकडे बघवेना आणि नजर तर तिथेच. किळस परत आली, पण या वेळी तिला बाहेर कुठे टेकायला जागा मिळेना, ना मामांवर, ना त्या बाईवर, ना त्या इमारतीवर. ती फिरून त्याच्याच अंगावर आली. त्याला स्वतःची बोटं नकोशी झाली. आतून मामांचा आवाज आला, "अहो बाई, राहू द्या. गाडीचं ग्रीस असेल, मीच कुठेतरी घासलो. तो म्हणत होता, जपून बसा म्हणून." बाई आत गेली. तो तसाच उभा राहिला, आणि मग त्याच्या मनात एक गोष्ट भरून आली. मामांना घरी न्यायचं, आत्ताच्या आत्ता. कसला निवास आणि कसलं काय. पलंगाचा दांडा बसवलेलाच आहे.

मामा स्वच्छ कपड्यांत पलंगाच्या कडेला बसले होते. केस विंचरलेले, त्यामुळे अनोळखी दिसत होते. खिडकीशेजारच्या पलंगावर एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. भाचा मामांसमोर गुडघ्यांवर बसला. त्याने त्यांचे हात हातात घेतले. पांढरट, सुरकुतलेले हात. "मामा, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तिची पाठबीठ काही दुखत नाही. तिने खोली तयार ठेवलीय. मलाच... मलाच जमत नव्हतं. चला घरी. आत्ता चला." बोलताना त्याचे डोळे भरले, आणि ते भरलेत हे त्याला जाणवलं, आणि आपण चांगलं बोलतोय हेही. मामा नको म्हणतील असं त्याला वाटत होतं. असं त्याला वाटतंय हे त्याला त्या क्षणी माहीत नव्हतं.

मामांचा चेहरा उजळला. "खरंच? म्हणजे ती रागावलेली नाही माझ्यावर?" ते म्हणाले. "मी म्हटलं, आपलं काय चुकलं. चल, चल तर मग." आणि त्यांनी वॉकर पुढे ओढला, एक पाय चपलेत सरकवला, दुसऱ्या पायाने चाचपडत दुसरी चप्पल शोधू लागले. चप्पल पलंगाखाली गेली होती. त्याच्या हाताशीच होती. त्याने ती पुढे करायला हवी होती. तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. प्लास्टिकचा कागद आता ओला आहे, असं त्याच्या मनात आलं. मग रोजची गाडी, डॉक्टरकडे न्यायचं, आणायचं. मग ती खोली, ते पडदे. अगदी थोडा वेळ गेला असेल. एखादा उसासा टाकायला लागतो तेवढा. मामांचा पाय चाचपडायचा थांबला. ते वाकले, त्याच्या डोक्याजवळ तोंड नेलं आणि श्वास आत घेतला. मग सरळ झाले.

"घाबरलास ना," ते म्हणाले. "अरे, गंमत केली. मला काय उचलून न्यायचंय कोणी? इथे बरं आहे. बाई चहा देणार आहेत." आणि त्यांनी चपलेतला पाय काढून घेतला.

तो हसला. त्याने आग्रहही केला, दोनदा, तीनदा, दर वेळी जरा मोठ्या आवाजात, बाईला ऐकू जाईल असा. मामा मान हलवत राहिले, त्याच्याकडे न बघता, शेजारच्या झोपलेल्या म्हाताऱ्याकडे बघत. मग ते म्हणाले, "जा आता. ऊन आहे तोवर पोच." तो बाहेर आला. गाडीत बसला, काचा खाली केल्या, चालू केली आणि तेल तापायची वाट बघत बायकोला फोन लावला.

"मी किती म्हटलं त्यांना," तो म्हणाला. "पाया पडलो नुसता. तेच नको म्हणाले."

 पलीकडे तिने नाक ओढलं. "तसेच आहेत ते," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार. वाईट वाटून घेऊ नका. काही खाल्लंत का?"

"नाही," तो म्हणाला, आणि आपल्याला सपाटून भूक लागलीय हे त्याच्या लक्षात आलं.